बाळकुमच्या बालवाडीत किती भाषा मावतात?

बाळकुम हे नाव एकदा मोठ्याने म्हणून पाहा. मधल्या ळ ला जीभ मागे वळते, टाळूला लागते आणि झटक्याने सुटते. मराठी माणसाला त्यात काही विशेष वाटत नाही. पण हिंदी, भोजपुरी, मैथिली किंवा बंगाली बोलणाऱ्या घरात वाढलेल्यांच्या भाषेत हा वर्णच नाही. म्हणून शेअर रिक्षावाला ‘बालकुम, बालकुम’ ओरडतो आणि आपण त्याला मनातल्या मनात बाहेरचा ठरवून मोकळे होतो. गंमत पुढेच आहे. ठाण्याच्या खाडीकाठच्या आगरी बोलीतही ळ चा ल होतो, ण चा न होतो, शब्दामधल्या ड चा बरेचदा र होतो. सगळा तो सगला, पाणी ते पानी, थोडा तो थोरा. म्हणजे चंपारणहून आलेला रिक्षावाला आणि गावठाणातली आगरी आजी, दोघांचाही ळ एकाच जागी हरवतो. उलट ओडिशाचा सेंट्रिंगवाला, राजस्थानचा लादीवाला, तेलंगणाचा बिगारी यांच्या भाषांत ळ शाबूत आहे. गावात उपरा कोण, हे ळ ला विचारलं तर उत्तर भलतंच येतं.

ठाण्याहून जुन्या आग्रा रोडने भिवंडीकडे निघालं की माजिवडा, कापूरबावडी आणि मग बाळकुम. पुढे कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर-पूर्णाची गोदामं सुरू. गावठाण आगरी-कोळ्यांचं. शेजारच्या कोलशेतला रासायनिक कारखाने होते; ते गेले आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उठले, अजून उठतायत. डोक्यावरून ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब गेलेत. एवढ्याशा पट्ट्यात चार तऱ्हांची लहान मुलं राहतात: गावठाणातली, चाळींतली, मनोऱ्यांतली आणि मनोरे बांधणाऱ्यांच्या पत्र्याच्या खोल्यांतली. यातल्या जवळजवळ कुणाच्याच घरची भाषा आणि शाळेची भाषा एक नाही. आगरी पोराला पुस्तकातली प्रमाण मराठी नवी. भोजपुरी घरातल्या पोरीला हिंदी माध्यमात घातलं तरी ती दुसऱ्याच भाषेत शिकते. जनगणना भोजपुरीला हिंदीच्या खात्यात टाकते, आणि २०११ मध्ये हे खातं पाच कोटींहून अधिक भोजपुरी भाषकांनी फुगलेलं होतं. मनोऱ्यातल्या तमिळ किंवा सिंधी घरच्या मुलाला नर्सरीतली इंग्रजी नवी. तेव्हा ‘स्थलांतरितांच्या मुलांना शिकवायचं कसं’ असा प्रश्न इथे विचारला, तर तो बाळकुममधल्या झाडून सगळ्या मुलांबद्दलचा निघतो.

आणि ही मुलं शिकतात. ती कशी, हे पाहू लागलं की थक्क व्हायला होतं.

सुरुवात कानापासून करू. १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी निवडलेले आवाज आपल्या ओळखीचे आहेत: हिंदीतला त आणि ट. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना हे दोन आवाज जवळजवळ सारखेच ऐकू येतात. प्रयोगात तान्हं मूल आईच्या मांडीवर बसायचं. ध्वनिक्षेपकातून त, त, त ऐकू यायचं आणि मध्येच ट लागायचा. आवाज बदलल्यावर मुलाने मान वळवली, तर काळ्या काचेमागचं खेळण्यातलं जनावर उजळून हलायला लागायचं. आईने नकळत खूण करू नये म्हणून तिच्या कानांवर हेडफोन. इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा बदल व्यवस्थित कळला. ज्या आवाजांना त्यांच्या घरी काही किंमत नव्हती, तेही त्यांना वेगवेगळे ऐकू येत होते. दहा-बारा महिन्यांपर्यंत मात्र ही किमया बहुतेकांची गेली. हिंदी घरांतल्या बाळांची अर्थात टिकली.

याचा अर्थ असा की पाळण्यातलं मूल जगातल्या कुठल्याही वस्तीत वाढायला तयार असतं. वर्षभरात ते आपल्या वस्तीचे आवाज निवडतं आणि बाकीचे बाजूला सारतं. ही निवड आळसाने होत नाही. ऐकू येणाऱ्या बोलण्यातून शब्द वेगळे काढायचे, तर कुठला फरक महत्त्वाचा आणि कुठला सोडून द्यायचा हे ठरवावं लागतंच. ज्या बाळाभोवती आईची संताली, शेजारणीची बंगाली, मुकादमाची हिंदी आणि भाजीवालीची मराठी असते, ते बाळ आवाजांची यादी लांब ठेवतं. त्यासाठी त्याला कुठली फी लागत नाही. एक गोष्ट मात्र लागते.

ती कोणती, हे पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगातून दिसलं. त्यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी मँडरिन ऐकवली. काही बाळांसमोर मँडरिन बोलणारी माणसं जमिनीवर बसून पुस्तक दाखवत, खेळणी हलवत बोलली. अशा बारा बैठका झाल्या. दुसऱ्या बाळांना त्याच माणसांची, तीच बडबड पडद्यावर दाखवली. पहिल्या गटातल्या बाळांना मँडरिनचे अवघड आवाज तैवानमधल्या बाळांइतके ओळखू येऊ लागले. पडद्यासमोरच्या बाळांनी काहीच उचललं नाही; मँडरिन कधीच न ऐकलेली बाळं आणि ती, सारखीच. समोर माणूस हवा, डोळ्याला डोळा भिडायला हवा. पत्र्याच्या खोलीत रडणाऱ्या पोराच्या हातात मोबाइल देऊन कामावर गेलेल्या आईला यात दोष द्यायचा नाही. ती आठव्या मजल्यावर विटा वाहत असते. प्रश्न त्या वेळी पोरापाशी कोण बसतं, हा आहे.

याचं एक उत्तर १९६९ मध्ये दिल्लीत निघालं. गांधी जन्मशताब्दीनिमित्त राजघाटाजवळ बांधकाम चाललं होतं. तिथल्या धुळीत पडलेली मजुरांची पोरं पाहून मीरा महादेवन यांनी एक तंबू ठोकला आणि त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ उभी राहिली. मुंबईत हे काम १९७२ मध्ये आलं, आणि आजची मुंबई मोबाइल क्रेशेस त्यातूनच वाढली. रचना साधी: तान्ह्यांसाठी पाळणाघर, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी, मोठ्यांसाठी अभ्यासाची जागा. सगळं बांधकामाच्या आवारातच. इमारत पुरी झाली की पाळणाघरही उठून दुसरीकडे जातं. कायदाही झाला. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याच्या कलम ३५ ने सांगितलं की पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली द्यायलाच हवी. बायका एकोणपन्नास असल्या तर पोरांनी काय करायचं, याचं उत्तर कलमात नव्हतं.

आता तीन-चार वर्षांचं मूल घ्या. ते बालवाडीत येतं आणि बोलतच नाही. आठवडे जातात, कधी महिने. ताई काळजीत पडतात, आई म्हणते घरी तर बडबड थांबत नाही. नव्या भाषेत पडलेल्या अनेक लहान मुलांचा असा मुका काळ असतो, आणि तो रिकामा नसतो. मूल हात धुवायला उठतं, रांगेत उभं राहतं, ‘डोळे मिटा’ म्हटलं की मिटतं. आधी इतरांकडे पाहून करतं, मग न पाहता. जाणत्या बालवाडीताई या काळात त्याला ‘बोल, बोल’ करत नाहीत. त्या हावभावांची गाणी घेतात, कारण गाण्यात बोललं नाही तरी हात हलवून भाग घेता येतो. रोजचा क्रम बदलत नाहीत, कारण प्रार्थनेनंतर गाणं आणि गाण्यानंतर खाऊ हे ठाऊक असलं की पुढे कुठलं वाक्य येणार याचा अंदाज मुलाला आपोआप येतो. एके दिवशी ते खिचडीच्या थाळीकडे पाहत सरळ म्हणतं, ‘अजून पाहिजे.’ माझ्या मते पहिलं वाक्य बहुधा पोटाचंच असतं, पण हे शास्त्र नव्हे.

मग ते भाषांची भेळ करू लागतं. ‘ताई, ये मेरा दप्तर फाटला.’ ऐकणाऱ्याला वाटतं, पोराचा गोंधळ उडालाय. तसं नसतं. माँट्रियलमध्ये फ्रेड जेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रेंच-इंग्रजी घरांतल्या दोनेक वर्षांच्या मुलांचं बोलणं तपासलं. मुलं आईशी आईची भाषा जास्त बोलत, वडिलांशी वडिलांची. अनोळखी माणूस आला तर त्याला काय कळतं हे पाहून आपलं बोलणं बदलण्याचा प्रयत्न करत. एका भाषेत शब्द नसेल तिथे दुसऱ्या भाषेतला आणत. रस्त्यावरचा भाजीवाला, बँकेतला कारकून आणि आपण सगळे हेच करतो. फक्त आपल्याला कुणी गोंधळलेले म्हणत नाही.

व्याकरणाचं तर विचारूच नका. बंगालीत नामाला लिंग नाही, हिंदीत दोन आहेत, मराठीत तीन. बंगाली घरातल्या पोराने मराठीत यायचं म्हणजे जगातल्या प्रत्येक वस्तूला तो, ती, ते यांपैकी एक चिकटवायचं: तो आंबा, ती चिंच, ते केळं. नियम कुणी सांगत नाही. सांगायचा म्हटला तर आपल्याला तरी कुठे येतो? मूल ऐकून ऐकून नमुना पकडतं. पकडल्यावर जरा जास्तच ताणतं आणि म्हणतं, ‘मी करलं.’ हे रूप त्याने कुठल्या मोठ्या माणसाकडून उचललेलं नसतं. पडलं, बसलं, उठलं यांवरून त्याने स्वतः बनवलेलं असतं. १९५८ मध्ये जीन बेर्को या संशोधिकेने मुलांना एका काल्पनिक पक्ष्याचं चित्र दाखवून, कधीच न ऐकलेल्या त्या नावाचं अनेकवचन करायला सांगितलं. चार-पाच वर्षांच्या बहुतेक मुलांनी ते केलं. पाठांतराने हे होणं शक्यच नव्हतं. म्हणून ‘करलं’ ऐकून हसणाऱ्या पाहुण्यांचा मला राग येतो. त्या घडीला त्या पोराने मराठीचा एक नियम शोधलेला असतो.

पहिली-दुसरीत आकडे येतात आणि तिथे आपली मराठीच आडवी येते. लिहायचं आधी दोन मग एक, म्हणायचं आधी एक मग वीस. हिंदी, बंगाली, गुजरातीतही उलटाच क्रम. तेलगू आणि कन्नड घरांत मात्र बोलतानाही वीस आधी, एक नंतर; जसं दिसतं तसं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ ही वाचण्याची रीत आली. अभ्यासगटाच्या अध्यक्ष होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. जोडाक्षरांनी भरलेले सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव मुलांना अडवतात, तिथे नव्वद सात म्हणून संख्या समजू द्यावी, असा त्यांचा साधा विचार. महाराष्ट्रभर गदारोळ झाला, विधानसभेतही कोट्या झाल्या. बाळकुमच्या वर्गात बसलेल्या तेलगू घरातल्या मुलीला मात्र यात हसण्यासारखं काही सापडलं नसतं. तिची आजी आयुष्यभर तशीच मोजत आली.

हे सगळं पाहिल्यावर ताराबाई मोडकांची आठवण येणं भाग आहे, कारण आज बाळकुममध्ये जी अंगणवाडी भरते तिचं मूळ याच, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात आहे. ताराबाई मुंबईच्या मराठी बाई. लहान मुलांना शिकवण्याची दीक्षा त्यांनी घेतली भावनगरात, गिजुभाई बधेकांच्या सोबत, गुजरातीत. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. त्या स्वतः परभाषेच्या गावात शिकल्या होत्या, हे मला त्यांच्या कामाचं गुपित वाटतं. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ सोबतीला. बालवाडी काढली, पण ज्यांच्यासाठी काढली ती दलित आणि आदिवासी पाड्यांवरची मुलं येईनात. तेव्हा ताराबाईंनी शाळाच उचलून त्यांच्या अंगणात नेली. मुलं गुरं चारायला गेली तर कुरणशाळा, म्हणजे शाळा गुरांमागे. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या मुलांत गेलं. परदेशी मॉंटेसोरी साधनांऐवजी बिया, शंख-शिंपले, पानं, खडे आले. यात काटकसर होतीच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की मुलाला ज्या वस्तूचं नाव घरच्या बोलीत आधीच माहीत आहे, तिथूनच नवी भाषा सुरू झाली. अनोळखी वस्तूला अनोळखी शब्द जोडायचा दुहेरी भार त्याच्यावर पडला नाही. १९७५ मध्ये देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिने अंगणवाडी हे नाव गावोगाव नेलं.

मारिया मॉंटेसोरीची पहिली शाळाही काही सुखवस्तूंसाठी नव्हती. ती ६ जानेवारी १९०७ ला रोममधल्या सान लोरेन्झो या मजूरवस्तीत, कामगारांच्या इमारतीतच उघडली. आज तिच्या नावाच्या पाट्या कुठल्या इमारतींवर दिसतात ते घोडबंदर रोडने जाताना पाहावं.

शाळा मुलामागे नेण्याचा ताराबाईंचा धडा ठाण्यात पुन्हा पुन्हा गिरवला गेला. कशेळीच्या पुलापलीकडे भिवंडी-वसईच्या पट्ट्यात वीटभट्ट्या आहेत. दिवाळीनंतर कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं तिथे येतात, पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे पोरांचं शाळेचं वर्ष मधोमध तुटतं. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच भोंगा शाळा भरवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवर मजूर उभारतात ती तात्पुरती झोपडी. बाळकुमहून तीन हात नाक्याकडे आलं तर उड्डाणपुलाखाली सिग्नल शाळा. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिकेने जून २०१६ मध्ये ती मालवाहू कंटेनरमध्ये सुरू केली, सिग्नलवर फुलं-गजरे विकणाऱ्या मुलांसाठी. त्यांतली बरीच मुलं मराठवाड्याच्या दुष्काळी भागातून आलेल्या पारधी कुटुंबांतली. पत्ता मराठवाड्याचा, पण पारधी बोली भिली-गुजरातीच्या गोतातली. ‘महाराष्ट्रातलीच मुलं, यांना भाषेची काय अडचण’ असं म्हणणाऱ्या माणसाने पाच मिनिटं त्या बोलीतलं भांडण ऐकावं.

एवढी ताकद असलेलं मूल तितक्याच सहजतेने विसरतंही. लिली वाँग फिलमोर यांनी १९९१ मध्ये अमेरिकेतल्या स्थलांतरित कुटुंबांविषयी लिहिलं: बालवाडीत पूर्ण इंग्रजीत पडलेली मुलं घरची भाषा सोडतात आणि मग आईबापांशी बोलायला भाषाच उरत नाही. त्याहून चकित करणारं काम २००३ चं. तीन ते आठ वर्षांच्या वयात कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या काही प्रौढांना क्रिस्तोफ पालिए यांनी कोरियन ऐकवली. त्यांना ती ओळखू आली नाही. मेंदूच्या चित्रणातही तिची वेगळी खूण दिसेना. वाटलं, पाटी कोरी झाली. मग २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या अशाच दत्तक कोरियनांना कोरियन व्यंजनं शिकवली गेली आणि ती इतर डच लोकांपेक्षा त्यांना अधिक चांगली जमली. त्यांतले काही तर सहा महिन्यांचेही नव्हते तेव्हा कोरिया सोडून गेले होते. एकही शब्द बोलण्याआधी ऐकलेली भाषा आत कुठेतरी राहून गेली होती.

म्हणून पालकसभेत ‘घरी पण मराठीच बोला’ किंवा ‘घरी इंग्लिशमध्ये बोलत जा’ असं सांगणं मला धोक्याचं वाटतं. मोडक्या मराठीत बोलणारी आई मुलाला मोजके दहा हुकूम देऊ शकते. आपल्या मैथिलीत ती त्याला गोष्ट सांगते, रागावते, का आणि कसं ते समजावते. जिम कमिन्स हे शिक्षणतज्ज्ञ १९७० च्या दशकापासून सांगत आले आहेत की एका भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत कामी येते. गोष्टीला सुरुवात आणि शेवट असतो, हे मैथिलीत कळलं तर मराठीत पुन्हा शिकावं लागत नाही. मनोऱ्यातली तमिळ आई हे न सांगता करते आणि तिच्या मुलाच्या तीन भाषांचं सोसायटीत कौतुक होतं. पत्र्याच्या खोलीतल्या मुलाच्या तीन भाषा शाळेच्या नोंदीत अडचण म्हणून जातात. दोन मुलांत भाषेच्या दृष्टीने काडीचा फरक नाही.

सरकारला हे अगदीच उमगलेलं नाही असं नाही. महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका-मदतनिसांच्या भरतीत एक अट असते: केंद्रातली निम्म्याहून अधिक मुलं मराठीखेरीज दुसरी एखादी भाषा बोलणारी असतील, तर उमेदवाराला मराठीसोबत तीही यायला हवी. गोंडी, कोरकू, पावरी, भिलोरी, बंजारा, कन्नड, तेलगू अशी नावं त्यात येतात. मेळघाटात किंवा नंदुरबारला ही अट नेमकी बसते, कारण तिथे पाड्याची भाषा एक. बाळकुमसारख्या वस्तीत एका खोलीत भोजपुरी, बंगाली, ओडिया, तेलगू, आगरी अशी चार-चार, पाच-पाच मुलं असली, तर कुठलीच भाषा निम्म्यावर जात नाही आणि अट लागूच होत नाही. मग नव्या मुलाला शू लागलीय की भूक, हे ताईंना कोण सांगणार? सांगते पाच-सहा वर्षांची एखादी पोरगी, जिला यांतल्या तीन भाषा येतात आणि जिच्या मानधनाची तरतूद कुठल्याच शासन निर्णयात नाही.